चार गिअर मागे, एक पुढे

मी एक जुनी गाडी आहे, आणि नवीही आहे. गोंधळलात ना, मित्रांनो? माझे इंजिन तुमच्या बाबांपेक्षा वयाने मोठे असेल, पण मी स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर उतरले ती अगदी अलीकडे. मधली सगळी वर्षे मी एका पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर बसून काढली. कारखान्यात जन्मलेल्या गाड्यांचे बरे असते. आज पट्ट्यावर चढल्या, उद्या दुकानाच्या काचेत उभ्या. मला घरी बनवले गेले, तेही दोन माणसांनी, आणि त्या दोघांचे एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ. तुमच्याशी बोलायला आले आहे ती आत्ताच एक फेरी मारून, इंजिन अजून गरम आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडी शेखी दिसली तर सांभाळून घ्या.

माझी सुरुवात करणारे गृहस्थ घड्याळे दुरुस्त करायचे. सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची. रस्त्याला तोंड असलेले त्यांचे अरुंद दुकान आणि दुकानामागे शेड. सकाळभर डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळांत केसासारख्या स्प्रिंगा बसवायच्या आणि दुपारी दार ओढून घेऊन मागे माझ्याकडे यायचे, हा त्यांचा नेम. त्यांना वेगाचे भारी वेड होते. गंमत म्हणजे गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा ते हातात धरून चालत न्यायचे, असे त्यांची लेक सांगते. पण मनात एक स्पोर्ट्स कार पक्की ठरलेली होती: बुटकी, दोघांपुरती, डोक्यावर छप्पर नाही, नाक लांब, आणि इंजिन बरोबर मध्यावर, बसणाऱ्यांच्या पाठीशी. वजन मधोमध असले की गाडी वळणावर लटपटत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते खरेच आहे, मी अनुभवाने सांगते.

त्यांनी लोखंडी नळ्या जोडून माझा सांगाडा केला. एका मोडक्या जुन्या गाडीच्या मागच्या भागातून इंजिन आणि गिअरची पेटी आणली. त्या गाडीत इंजिन मागच्या चाकांच्याही मागे होते. घड्याळजींनी सगळे बोचके फिरवून इंजिन चाकांच्या पुढे आणले. चालवणाऱ्यासमोरच्या पट्टीवर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळांच्या तबकड्या बसवल्या. एकीवर वेग दिसणार, दुसरीवर इंजिनाची उष्णता. काम असे देखणे की कुणीही बघत राहावे.

पण मित्रांनो, हा माणूस काही संपवायचा नाही. बोल्ट बसवला की दुसऱ्या दिवशी काढायचा, पुसायचा, भिंगातून बघायचा आणि म्हणायचा, "केसभर चुकलंय." मग तो बोल्ट, त्याच्या शेजारचा बोल्ट आणि शेवटी अख्खे चाकच खाली यायचे. माझे स्टिअरिंग इतक्या वेळा उतरले आणि चढले की मी मोजणे सोडून दिले. मी कधी जवळजवळ गाडी व्हायची आणि महिनाभरात पुन्हा सुट्या भागांचा ढीग व्हायची. अति तेथे माती, ही म्हण मी पुस्तकात शिकले नाही, अंगावर सोसून शिकले.

गल्लीने माझी म्हण करून टाकली. एखाद्याला विचारले, "लग्न कधी करणार?" तर तो हसून म्हणायचा, "घड्याळजींची गाडी सुटेल तेव्हा!" रस्त्यावरचा खड्डा कधी बुजणार? घड्याळजींची गाडी सुटेल तेव्हा. शेडच्या पत्र्याला एक फट होती, तिच्यातून मला हे सगळे ऐकू यायचे. घड्याळजींनाही यायचे. ते हातातला पाना जरा जोरात आवळत. मला मात्र फार लागायचे. जिला अजून रस्ता माहीत नाही, तिची थट्टा सगळ्या रस्त्याला माहीत होती.

मग घड्याळजींचे हात थरथरू लागले. भिंग लावूनही दिसेना. शेडमध्ये येणे कमी झाले आणि एक दिवस थांबलेच. माझ्यावर धूळ साचली. सीटच्या जागी एका मांजरीने संसार मांडला, पिल्लांना वाढवले आणि ती निघूनही गेली. तिची पिल्ले माझ्याआधी रस्त्यावर धावायला शिकली. शेवटी दुकान आणि शेड विकायचे ठरले, घड्याळजी लेकीकडे चौथ्या मजल्यावरच्या घरात राहायला गेले, आणि एका सकाळी शेडच्या दारात भंगारवाला उभा राहिला. त्याच्या हातात लोखंड कापायचे यंत्र होते.

त्याने माझे पुढचे एक चाक काढलेसुद्धा. तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या बेकरीतली ताई तिथे आली. ती आली होती तिच्या भट्टीजवळचे घड्याळ परत न्यायला. हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे, ओढणी कमरेला खोचलेली.

"काय कापताय?" तिने विचारले.

"गाडी," भंगारवाला म्हणाला. "म्हणजे, होणार होती ती."

ताई माझ्याभोवती फिरली. सांगाड्याच्या जोडांवर तिने बोटाने टकटक केले, वाकून पोटाखाली पाहिले. तिला यंत्रांची सवय होती. बेकरीतले पीठ मळायचे मशीन बिघडले की तीच उघडायची, पाव पोचवायची व्हॅनही तीच चालवायची आणि तीच दुरुस्त करायची. घड्याळजी आमच्याकडे पाठ करून दुकानाच्या मागच्या पायरीवर लेकीशेजारी बसले होते. त्यांना कापाकापी बघायची नव्हती.

"काका," ताई म्हणाली, "ही वाया गेलेली नाही. कच्ची आहे. कच्चं मी टाकत नाही, भाजते."

"व्हायची नाही तुझ्याकडून," घड्याळजी न वळता म्हणाले. "माझ्याकडून झाली नाही."

"तुमच्याकडून झाली नाही म्हणून तर माझ्यासाठी उरली."

"माझ्या पद्धतीनं करशील?"

"नाही बाई. माझ्या पद्धतीनं करीन. तुमच्या पद्धतीनं ती कुठं पोचलीय ते दिसतंच आहे."

लेकीने जीभ चावली. मला वाटले, संपले आता, म्हातारा चिडणार.  पण घड्याळजी उठले आणि भंगारवाल्यावर खेकसले, "अरे, ते चाक नीट धर! बेअरिंग नवं आहे त्याचं." एवढीच त्यांची परवानगी. ताईने भंगारवाल्याला एक मोठा केक दिला आणि त्याने खुशीत त्याच्याच हातगाडीवरून मला बेकरीच्या मागच्या अंगणात आणून टाकले. आयुष्यात पहिल्यांदा मी आभाळ पाहिले.

अंगणात माझे स्वागत केले ताईच्या सासूबाईंनी. म्हणजे, कमरेवर हात ठेवून केले. "पीठ मळायचं सोडून आता ग्रीस मळणार का?" त्यांनी विचारले. मग त्यांनी अट घातली. याच अंगणात नवी भट्टी बसायची होती, ती यायला अजून काही महिने होते. "भट्टी येईपर्यंत ठेव. भट्टी दारात आली की ही आपल्या पायांनी बाहेर जाईल, नाहीतर तुकड्यांनी जाईल. तिसरा रस्ता नाही." सासूबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे मला पहिल्याच दिवशी कळले. तेव्हा मित्रांनो, माझ्या जिवाची मुदत ठरली होती.

दुपारी पावाचे काम आटोपले की ताई यायची. घड्याळजी "केसभर चुकलंय" म्हणायचे, ताई "चालेल" म्हणायची. बोल्ट आवळला, हलवून पाहिला, चालेल. पुढचा. मला आधी धडकीच भरली. पण दिवसागणिक माझ्या अंगावर काहीतरी नवे दिसू लागले आणि ते दुसऱ्या दिवशीही तिथेच असायचे, याचे मला केवढे अप्रूप! माझे दरवाजे आणि नाकावरचे झाकण तिने बेकरीतले जुने ॲल्युमिनियमचे मोठे ट्रे ठोकून केले. उजव्या दरवाज्याच्या आतून हात फिरवलात तर बिस्किटांचे गोल ठसे अजून लागतील. तिचा नवरा कमी बोलणारा. एक दिवस तो आला, माप घेतले, आणि आठवडाभराने दोन शिवलेल्या सीटा ठेवून पुन्हा भट्टीकडे गेला. सासूबाई रोज एकदा येऊन नाक मुरडायच्या आणि जाताना माझ्यावरची धूळ पदराने पुसून जायच्या. त्यांना वाटायचे, कुणी पाहिले नाही.

घड्याळजी मात्र एकदाही आले नाहीत. ताईच दर आठवड्याला त्यांना पाव द्यायला चौथ्या मजल्यावर जायची आणि काहीतरी विचारून यायची. ती लाल वायर कुठे जाते, डाव्या बाजूची ती रिकामी पकड कशाची. ते खिडकीबाहेर बघत उत्तर द्यायचे, तेही अचूक. एकदा त्यांनी विचारले, "रंग कोणता देतेस?"

"पिवळा."

"पिवळा? रुपेरी ठरला होता तिचा!"

"रुपेरी डबा उरला नाही हो दुकानात. पिवळा होता."

घड्याळजी दोन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. लेक म्हणाली, रुसले आहेत म्हणजे बरे आहेत, आधी रुसतही नव्हते.

इंजिन सुरू झाले तो दिवस मी विसरणार नाही. ताईने किल्ली फिरवली. मी खोकले, शिंकले, अंगणात काळा धूर सोडला आणि मग गरजले. असे गरजले की बेकरीतल्या बरण्या थरथरल्या आणि गिऱ्हाइके सुट्टे पैसे न घेताच मागे धावत आली. इतकी वर्षे मी मुकी होते, मित्रांनो, आणि मला आवाज फुटला. ताई पिठाच्या हातांनी डोळे पुसत हसत होती. तिचा चेहरा पीठ आणि काजळीने पार माखला होता, पण ती राजमुकुट घातल्यासारखी दिसत होती.

इथेच घाई आमच्या मुळावर आली. नवी भट्टी पुढच्या आठवड्यात येतेय, असा निरोप आला. ताईने चाके चढवली, ठोकळे काढले आणि गल्लीला सांगून टाकले की रविवारी गाडी निघणार. खरे तर आधी ठोकळ्यांवरच गिअर टाकून चाके फिरवून बघायला हवी होती. तिच्या मनातही आले होते. "रस्त्यावर कळेलच," ती म्हणाली.

रस्त्यावर कळले. रविवारी सकाळी मला ढकलत अंगणाच्या दाराबाहेर आणून उभे केले, आणि बेकरीसमोर ही गर्दी! लोक खिडक्यांत, पायऱ्यांवर, एक जण तर दिव्याच्या खांबाला लटकलेला. लेकीने घड्याळजींना हाताला धरून आणले. त्यांनी इस्त्रीचा कोट घातला होता. त्यांना माझ्या बाजूला खुर्ची दिली. त्यांनी मला पाहिले, पिवळी, दरवाज्यांसकट, चार चाकांवर उभी, आणि त्यांचा खालचा ओठ हलला. ते काही बोलणार होते, पण ताईने इंजिन सुरू केले. तिने पहिला गिअर टाकला. सगळ्यांनी श्वास रोखला. ताईने क्लच सोडला आणि मी निघाले.

मागे निघाले.

अंगणाच्या दारातून सरळ आत, रिकाम्या ट्रेंच्या थप्पीवर आणि तिथून पिठाच्या पोत्यांवर. पोते फुटले. मी, ताई आणि सासूबाईंची वाळत घातलेली चादर, सगळे पांढरे. ताईला वाटले, गिअर चुकला. तिने दुसरा टाकला. मी आणखी मागे, भिंतीला टेकले. शेवटी तिने मागे जायचा गिअर टाकला, तर मी डुलत डुलत पुढे येऊन बरोबर लोकांच्या समोर उभी राहिले. चार गिअर मागे जायला आणि एक पुढे यायला! गल्ली हसता हसता रस्त्यावर बसली. खांबावरचा ओरडला, "सुटली, सुटली! घड्याळजींची गाडी सुटली, पण परतीची!"

घड्याळजी खुर्चीवरून उठले. चेहऱ्यावर रक्त नव्हते. "भंगारवाल्याला बोलव," एवढेच ताईला म्हणाले आणि लेकीच्या हाताला धरून गेले. माझे म्हणाल तर भिंतीला लागून पडलेला पोचा काहीच नव्हता. ती पाठमोरी कोटातली आकृती जास्त लागली.

सासूबाईंनी पिठाने माखलेली चादर झटकली आणि निकाल दिला. "एकानं तपासता तपासता जन्म घालवला, आणि दुसरीचं पी हळद नि हो गोरी. दोघांना एका पोत्यात घालून हलवायला पाहिजे, म्हणजे एक बरं माणूस निघेल." ताई रागावली नाही. ती पोत्यावर बसून विचार करत होती.

दुसऱ्याच दिवशी तिने माझी गिअरची पेटी खाली काढली. नवऱ्याने आणि तिने मिळून ती जड पेटी पावाच्या ट्रॉलीवर चढवली, वर स्वच्छ फडके घातले आणि दोघे ट्रॉली ढकलत घड्याळजींच्या इमारतीत गेले. लिफ्टमध्ये कुणी विचारले, काय आहे? नवरा म्हणाला, "केक." पुढे काय झाले ते मी पाहिले, कारण माझी पेटी म्हणजे मीच की.

घड्याळजी जेवायच्या टेबलापाशी बसले होते. लेक म्हणाली, कालपासून घासभर खाल्लेले नाही. ताईने टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरली आणि दोघांनी पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"फेकून दे," घड्याळजी म्हणाले. "माझं हसं झालं तेवढं पुरे."

"काका, पाव साच्यातून उलटा पडला तर मी फेकत नाही, पुन्हा सुलटा करते. हिचं कुठं उलटं पडलंय ते तुम्ही सांगा. मला नाही कळत. मला एवढंच कळतं की मी घाई केली."

"तू काय घाई केलीस? चूक माझ्या हातची आहे."

"मग हात लावा आणि काढा!"

घड्याळजी चिडले. चिडले म्हणूनच त्यांनी पाना उचलला. झाकण निघाले आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावले. आत एक मोठे दातेरी चाक असते. इंजिनाचे फिरणे तेच चाकांपर्यंत पोचवते. ते एका बाजूला बसवले की गाडी पुढे जाते, समोरच्या बाजूला बसवले की मागे. इंजिन उलटे फिरवून बसवायचे तर या चाकाचीही बाजू बदलायला हवी होती. घड्याळजी त्याकडे बघत राहिले, आणि एकदम त्यांच्या छातीतून हसू फुटले. लेक घाबरून स्वयंपाकघरातून धावत आली.

"अगं, मी आयुष्यभर घड्याळ पाठीकडून उघडलं!" ते म्हणाले. "पाठीकडून बघितलं की सगळी चाकं उलटी फिरताना दिसतात. म्हणून डोक्यात एक सवयच होऊन बसते, जे दिसतं ते उलटं करून घ्यायचं. हिचं चित्रही मी मागून काढलं होतं. बाजू बदलायची हे मला माहीत होतं, बदललीही होती. आणि मग सवयीनं आणखी एकदा उलटं करून घेतलं! परत होतं तिथंच! अख्ख्या जगात ही चूक फक्त घड्याळवालाच करू शकतो."

हे सांगताना त्यांना चक्क अभिमान वाटत होता. ताई हसली, लेक हसली आणि तेवढ्यात घड्याळजींनी पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

मग ते कामाला लागले. चाकाची बाजू बदलणे सोपे, पण दाते दात्यांत बसवणे कठीण. घट्ट बसले तर किंचाळतात, सैल बसले तर आपटून मोडतात. मध्ये कागदापेक्षा पातळ चकत्या घालून ते अंतर जुळवावे लागते. चकत्या बसवायचे काम ताईच्या हातांनी केले, आणि अंतर किती हे घड्याळजींच्या बोटांनी सांगितले. गंमत पाहा, थरथरणारी बोटे त्या दात्यावर टेकली की स्थिर व्हायची.

"अजून एक चकती." "ती काढ, तिच्यापेक्षा पातळ." "हां. आता परत काढ, केसभर चुकलंय."

दुपार कलू लागली.  पुन्हा तेच सुरू झाले, मित्रांनो! मी या टेबलावर म्हातारी होणार आणि परवा भट्टी दारात येणार. तेव्हा ताईने पिशवीतून बेकरीतले चावीचे घड्याळ काढले, तेच ते भट्टीजवळचे, पाव झाला की घंटा देणारे. तिने चावी दिली आणि टेबलावर ठेवले.

"ही वाजली की झाकण लावायचं," ती म्हणाली.

"असं कसं? अंतर जुळल्याशिवाय?"

"आत्ता जुळलेलं नाही का?"

"जुळलंय. पण अजून बरोबर होईल."

"काका, भट्टीत बरोबरच्या पुढं एकच गोष्ट असते. करपणं."

 घड्याळजींनी दाता पुन्हा हलवून पाहिला, मान वाकडी करून आवाज ऐकला. पुन्हा हलवला. घंटा वाजली.  त्यांचा हात चकत्यांच्या डबीवर होता.  त्यांनी डबीचे झाकण लावले. मग पेटीचे झाकण उचलले, बसवले आणि एकेक बोल्ट स्वतःच्या हाताने आवळला. शेवटचा आवळून झाल्यावर ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "चालेल." हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

भट्टी घेऊन ट्रक आला तेव्हा सकाळ होती. त्याला अंगणात यायला वाट हवी होती आणि वाटेत मी उभी होते. ट्रकवाला भोंगा वाजवत होता, सासूबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. या वेळी ताईने गल्लीला सांगितले नव्हते आणि आदल्या दुपारी ठोकळ्यांवर चारही गिअर फिरवून पाहिले होते. घड्याळजींना तिने माझ्या डाव्या सीटवर बसवले. त्यांनी दोन्ही हातांनी दरवाजा गच्च धरला होता.

पहिला गिअर. क्लच. आणि मी पुढे गेले!

पुढे, मित्रांनो! अंगणातून बाहेर, ट्रकच्या नाकासमोरून, गल्लीच्या मधोमध. दुकानांची दारे उघडली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळीकडूनच टाळ्या येऊ लागल्या. रविवारी खांबाला लटकलेला माणूस आज दात घासत उभा होता, तो ब्रश तोंडात ठेवूनच पळत आमच्या मागे आला. सासूबाई ओरडल्या, "सावकाश!" आणि लगेच शेजारणीला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "आमच्या अंगणातली आहे!" घड्याळजींचा कोट फडफडत होता. ते हसत नव्हते, रडतही नव्हते. तोंड उघडे ठेवून फक्त समोर बघत होते.

तिथून आम्ही तडक तपासणीच्या मैदानावर गेलो. घरी बनवलेली गाडी तपासल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून ताईने मैदानापर्यंत जायची तेवढी परवानगी आधीच काढून ठेवली होती. तपासणारे साहेब गंभीर चेहऱ्याचे. त्यांनी दिवे पाहिले, भोंगा वाजवला, माझ्याखाली आडवे झाले, मग स्वतः चालवायला बसले. ब्रेक असा लागला की त्यांची टोपी थेट घड्याळाच्या तबकडीवर जाऊन बसली. त्यांनी टोपी घातली, म्हणाले, "पुन्हा एकदा तपासावं लागेल," आणि मैदानाला आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक. उतरताना त्यांच्या चेहऱ्यावरचे गांभीर्य मैदानातच कुठेतरी पडले होते.

"कुणी बनवली?" त्यांनी विचारले.

"यांनी," ताई म्हणाली.

"हिनं," घड्याळजी म्हणाले.

साहेबांनी दोघांकडे पाहिले आणि शिक्का मारला.

परत येताना आम्ही टेकडीचा रस्ता धरला. चढ सुरू झाला, वळणे आली, आणि मी त्या वळणांवरून लोण्यातून सुरी फिरावी तशी गेले. टेकडीवर रस्ता सरळ झाला तसा ताईने चौथा गिअर टाकला. चौथा! इतकी वर्षे पोटात बाळगलेला तो वेग मी पहिल्यांदा बाहेर काढला. घड्याळजींनी दरवाज्यावरचे हात सोडले आणि दोन्ही हात वर करून ते पोरासारखे ओरडले. काय ओरडले ते वाऱ्यात ऐकू आले नाही, पण मला कळले.

गल्लीतली म्हणही आता बदलली. कुणी कुरकुर करत बसला की लोक त्याला म्हणतात, "घड्याळजींची गाडीसुद्धा सुटली, तुझं काय अडलंय?"

त्या दिवशी घरी पोचल्यावर घड्याळजींनी माझ्याभोवती एक फेरी मारली. ते डाव्या दरवाज्यापाशी थांबले, वाकले आणि त्यांनी फटीत नख घालून पाहिले. मग खिशातून स्क्रू पिळायचा पेचकस काढला. 

"ताई, हा दरवाजा केसभर खाली बसलाय. उतरवून पुन्हा बसवायला पाहिजे."

"बसवा की," ताई म्हणाली. "पण उद्या टेकडीच्या पलीकडं पाव पोचवायला जायचंय. दरवाजा उतरवलात तर व्हॅननं जाईन मी. एकटी."

घड्याळजींनी दरवाज्याकडे पाहिले. मग टेकडीकडे पाहिले. पेचकस खिशात गेला. "परवा बघू," ते म्हणाले. तो परवा अजून उगवलेला नाही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, पुसा, झाकून ठेवा. मी सांगते, मला झाकू नका. झाकून ठेवणे म्हणजे काय ते मी शेडमध्ये पुरते भोगले आहे. तुमच्याही घरात कुणाचे तरी काही अर्धे राहिले असेल. विणायला घेतलेला स्वेटर असेल, कुणा काकांची बिनतारांची सतार असेल, माळ्यावरचे अर्धे जहाज असेल. त्याला हसू नका. हात लावा. आणि ज्याने ते सुरू केले तो माणूस जवळपास असेल, तर त्याला शेजारी बसवा. तो चुका काढील, रंगावरून रुसेल, काढू द्या, रुसू द्या. त्याच्याशिवाय मी आजही मागेच गेले असते, आणि ताईशिवाय कुठेच गेले नसते.

माझा डावा दरवाजा अजून केसभर खालीच आहे. वेग वाढला की त्या फटीतून वारा आत घुसतो आणि घड्याळजींच्या कानाशी मोठ्याने शीळ घालतो. ते ऐकतात, सीटवर सरसावून बसतात आणि ओरडतात, "ताई, अजून जोरात!"